औद्योगिक वायूंचा पुरवठा: एक दुर्लक्षित व्यवसायक्षेत्र

पदविका किंवा वाणिज्य शाखेची पदवी हाती आलेल्या मुलाने औद्योगिक वायूंच्या कंपनीतील पुरवठा विभागात जाण्याचा मनोदय सांगितला, की सिलिंडरांची आवक-जावक नोंदवण्यासाठी का एवढे शिकवले, असा जो विषाद पालकांच्या मनात उत्पन्न होतो, तो या व्यवसायाच्या अपरिचयातून येतो.

येथे मुख्य कच्चा माल म्हणजे हवा. खरा खर्च विजेचा आणि वाहतुकीचा. उणे 183 अंश सेल्सिअसला द्रवरूप होणारा प्राणवायू वायुरूपात सुमारे 860 पट जागा व्यापत असल्यामुळे तो निर्वात आवरणाच्या टँकरांतूनच दूरवर नेणे परवडते. तरीही उष्णता आत झिरपून जी घट येते, तिला 'बॉइल-ऑफ' म्हणतात. पोलादाच्या कारखान्यालगत संयंत्र उभारून नळाने वायू देण्याची रीत 'ऑनसाइट'. तिच्या करारातील 'टेक ऑर पे' कलमान्वये ठरलेला किमान वायू ग्राहकाने उचलला नाही, तरी त्याचे मोल द्यावेच लागते.

परंतु सर्वांत महत्त्वाची संज्ञा 'टर्नअराउंड', म्हणजे भरून गेलेले पात्र रिकामे होऊन परत येण्याचा अवधी. सात घनमीटरच्या सिलिंडरात प्राणवायू जेमतेम दहा किलो, आणि पोलाद त्याच्या कितीतरी पट. सिलिंडराच्या खांद्यावर ठोकलेला क्रमांक, रिकामे वजन आणि चाचणीची तारीख वाचून जो त्याचा माग ठेवतो, तोच कंपनीचे भांडवल राखतो. एप्रिल 2021 मध्ये प्राणवायू पूर्वेच्या पोलाद कारखान्यांत आणि करोनाचे अत्यवस्थ रुग्ण महाराष्ट्रात, अशी स्थिती असताना कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला रवाना करावे लागले. घाटातील बोगद्यांत टँकरांची उंची मावेना, म्हणून गाडी वसई-सुरत-भुसावळ अशी वळवली गेली, आणि भरलेले टँकर नागपूर-नाशिकला पोहोचले, तेव्हा टँकरांच्या फेऱ्या जुळवणाऱ्या माणसाची योग्यता साऱ्यांस कळली.

यांत्रिकी वा रसायन शाखेचा पदविकाधारक, किंवा हिशेबात चोख असलेला वाणिज्य पदवीधर, यांना येथे वाव आहे. परवाने देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. 2016 चे गॅस सिलिंडर नियम वाचून मुलाखतीस जाणारा उमेदवार उठून दिसतो. रुग्णालयाची टाकी रविवार पाहून रिती होत नाही, तेव्हा अवेळी काम पडणार, हे घरी आधीच बोलून घ्यावे. आणि पहिले वर्ष कचेरीत न मागता सिलिंडर भरणा केंद्राच्या फलाटावर मागावे.