मीटरचे किलोमीटर आणि इंजिनाचे तास
जुना ट्रक घेताना हिशेब कसा मांडावा?

वाहतूक, गॅरेज, वेल्डिंग व बॉडी बांधणीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. यांतील पुष्कळांची पहिली गाडी जुनीच असते. घरातले दागिने, भावाने दिलेले उसने पैसे आणि काही वर्षांची बचत एकत्र करून ती घेतली जाते. त्यामुळे सौदा चुकला की एका गाडीचे नव्हे, एका कुटुंबाचे नुकसान होते.

आमच्या परिचयातील एका बांधवाने असाच एक टिपर घेतला. मीटरवर जेमतेम नव्वद हजार किलोमीटर होते, रंग नवा होता, टायरही बरे होते. चार महिन्यांत इंजिनाचे काम निघाले. रिंग-पिस्टन, लायनर, बेअरिंग असा सगळा खर्च अंगावर आला आणि गाडी गॅरेजात उभी राहिल्याने हातचे कामही गेले. काटा कोणी मागे फिरवला नव्हता. गाडी खाणीवर आणि क्रशरवर चालली होती, एवढी एकच गोष्ट त्याने विचारली नव्हती.

किलोमीटर काय सांगत नाहीत?

किलोमीटरचा काटा चाक फिरले तरच पुढे सरकतो. इंजिन मात्र गाडी उभी असतानाही झिजते. क्रशरवर माल भरण्यासाठी रांगेत उभा टिपर, पीटीओवर हौदा उचलणारी गाडी, काँक्रीटचा ड्रम फिरवीत उभा मिक्सर, पंप चालविणारा पाण्याचा टँकर या सर्वांचे इंजिन तासन् तास चालू असते आणि काटा जागचा हलत नाही.

शिवाय न्यूट्रलवर चालणारे इंजिन पुरेसे तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेले डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑइलात मिसळते व ऑइल पातळ होते. नोझलवर काजळी धरते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. सतत उभ्या उभ्या चालणाऱ्या गाडीत ती लवकर तुंबते आणि तिचा खर्च मोठा असतो.

तास कसे कळतील?

जेसीबीसारख्या यंत्रांवर तासांचा काटा असतोच. ट्रकच्या बाबतीत, इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या गाडीत कंट्रोल युनिटमध्ये ही नोंद राहते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा स्कॅनर बाळगणाऱ्या मेकॅनिककडे गाडी नेऊन एकूण तास, उभ्याने चाललेले तास, पीटीओचे तास आणि एकूण जळालेले डिझेल यांपैकी जे आकडे त्या गाडीत मिळतात ते लिहून घ्यावेत. काही मिक्सरवर ड्रमसाठी वेगळे इंजिन असते. तेथे दोन्ही इंजिनांचे तास पाहावेत. जुन्या साध्या पंपाच्या गाडीत ही सोय नाही. तेथे सर्व्हिसच्या पावत्या, ऑइल बदलल्याच्या नोंदी आणि ड्रायव्हरची साक्ष यांवरच भिस्त ठेवावी लागते.

हिशेब असा मांडावा

पहिली पायरी: किलोमीटरला तासांनी भागावे. समजा, पहिली गाडी 90,000 किलोमीटर व 9,000 तास चालली आहे. सरासरी ताशी 10 किलोमीटर येते. दुसरी गाडी 2,40,000 किलोमीटर व 6,000 तास चालली आहे. सरासरी 40 येते. पहिली गाडी साइटवरची आणि दुसरी हमरस्त्यावरची, हे विक्रेत्याने न सांगताही कळते.

दुसरी पायरी: इंजिन उभ्याने एक तास चालले तर सुमारे 40 ते 50 किलोमीटरची झीज धरण्याची रीत आहे. हा अंदाज आहे, काटेकोर माप नव्हे. पहिल्या गाडीचे 6,000 तास उभ्याने गेले असतील, तर 40 च्या हिशेबाने 2,40,000 किलोमीटर होतात. त्यात मीटरचे 90,000 मिळवले की 3,30,000. दुसरीचे 500 तास उभ्याने गेले असतील, तर 20,000 मिळवून 2,60,000 होतात. म्हणजे मीटरवर दीड लाखाने "कमी चाललेली" गाडी इंजिनाच्या दृष्टीने सत्तर हजाराने जास्त चाललेली ठरते.

तिसरी पायरी: आकडे खरे वाटतात का, ते पाहावे. पाच वर्षे रोज कामावर असलेली गाडी वर्षाला 300 दिवस, दिवसाला 8 तास धरली तरी 12,000 तास होतात. तिच्यावर 2,000 तासच दिसले, किंवा अवजड ट्रकची सरासरी ताशी 70 च्या वर आली, तर मीटर किंवा युनिट बदललेले असण्याचा संभव आहे. मीटरचे व युनिटमधले किलोमीटर जुळतात का, हेही पडताळावे.

तरीही तास म्हणजे सर्वस्व नव्हे

कमी तासांची हमरस्त्यावरची गाडी सर्वच बाबतींत चांगली असते असे नाही. तिचे किंगपिन, हब, गिअरबॉक्स व डिफ्रन्शियल लाखो किलोमीटर फिरलेले असतात. उलट खाणीवरच्या गाडीचे पाटे, चेसिस आणि हौद्याचा जॅक मार खातात. म्हणून इंजिनासाठी तास, फिरत्या भागांसाठी किलोमीटर आणि चेसिससाठी आपले डोळे, अशी वाटणी करावी.

इंजिन थंड असतानाच जावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन पाहावे. डिपस्टिकवरच्या ऑइलला डिझेलचा वास येतो का, ते पाहावे. इसार देण्यापूर्वी बँकेचा बोजा, थकीत कर, चलन, फिटनेस व परमिट तपासावे आणि ठरलेले सर्व साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपले बांधव गाड्या घेतात तशा विकतातही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओलावा लागला. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. नव्या रंगाखाली नऊ हजार तास झाकणे म्हणजे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणेच होय. शरीअतने ग्राहकाला लपविलेल्या दोषावरून माल परत करण्याचा हक्क दिला आहे, हेही ध्यानात असावे.

तास सांगून गाडी विकली तर भाव थोडा कमी येईल. पण घेणारा त्या भावात इंजिनाच्या कामाची तरतूद करून ठेवील, त्याच्या घरची चूल विझणार नाही आणि पुढची गाडी घ्यायलाही तो तुमच्याकडेच येईल. धंद्यातली बरकत म्हणतात ती हीच.