पिल्लांचे पहिले एकवीस दिवस

जानेवारीतल्या एका सकाळी बचत गटातल्या एक ताई दवाखान्यात आल्या. हातात बुटांचा खोका, त्यात अकरा मेलेली पिल्ले. "डॉक्टर, रात्री निजताना सगळी धडधाकट होती. मानमोडी आली का हो?" आदल्याच दिवशी त्यांनी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाची पूड आणून पाण्यात घातली होती.

मी पिल्ले तपासली. मानमोडीची लक्षणे नव्हती. पिसे ओलसर आणि चपटी झालेली, जणू कुणी दाबून धरली असावीत. "ही पिल्ले कोपऱ्यात ढिगाने सापडली ना?" मी विचारले. त्यांनी मान हलवली. पन्नास पिल्लांना साठ वॅटचा एकच बल्ब, तोही चार फूट उंच टांगलेला. पहाटेच्या थंडीत ऊब शोधत पिल्ले एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरून गेली. त्यावर पुडीतल्या औषधाचा काय उपयोग होणार?

कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. यंत्रातून निघालेले पिल्लू तुम्ही घरी आणता, तेव्हा पुढचे निदान एकवीस दिवस तिच्या जागी तुम्हाला बसायचे असते. या दिवसांत ऊब, कोरडी जागा, स्वच्छ पाणी आणि वेळेवर लस मिळाली, तर पिल्लांचे बहुतेक आजार दाराबाहेरच राहतात.

ऊब: थर्मामीटरपेक्षा पिल्ले खरे सांगतात

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ते कमी करत जावे. दर पिल्लामागे दोन वॅट हा साधा हिशेब. म्हणजे पन्नास पिल्लांना शंभर वॅट, आणि कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त. बल्ब जमिनीपासून दीड फुटावर टांगा आणि पिल्लांकडे पाहून वर-खाली करा. भोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करा. गोल अशासाठी, की कोपरा असला की पिल्ले तिथे दाटी करतात आणि मरतात.

रात्री झोपण्यापूर्वी एकदा आत डोकवा. पिल्ले बल्बखाली गोळा होऊन कलकलाट करत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील, तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसरीकडून वारा येतो आहे. सगळीकडे विखरून निवांत पसरली असतील, तर तुम्हीही निजायला जा. शंका वाटली तर एक पिल्लू उचलून त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघा. पाय गार लागले, तर ऊब कमी आहे.

वीज जाते तिथे कोळशाची शेगडी ठेवतात. त्या वेळी वरची खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत कोळशाच्या वायूने पिल्ले मरतात, माणसेही मरतात.

आधी पाणी, मग दाणा

अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दोन दिवस तग धरते, म्हणून त्याचा लांबचा प्रवास शक्य होतो. पण प्रवासात ते सुकते. घरी आल्यावर प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. पहिल्या काही तासांत कोमट गूळपाणी द्या, त्यानंतर साधे स्वच्छ पाणी. भांडे उथळ असावे, नाहीतर पिल्ले त्यात भिजतात. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरा आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे खाद्य सुरू करा. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लू जगेल, पण वाढणार नाही. त्याला २० टक्क्यांहून अधिक प्रथिने लागतात.

संध्याकाळी पाच-सहा पिल्लांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा. ती मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. रिकामी असेल तर पिल्लाला दाणा सापडलेला नाही. खडखडीत लागली तर पाणी कमी पडते आहे.

बुरशी आलेला मका स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्यातले विष यकृत खराब करते आणि लस दिली तरी ती नीट लागू पडत नाही.

अंथरूण कोरडे ठेवा

खाली दोन-तीन इंच भाताचे तूस पसरा. रोज सकाळी मूठभर तूस हातात घेऊन दाबा आणि सोडा. मोकळे झाले तर ठीक. गोळा झाला तर ते ओले आहे. ते काढा आणि नवे टाका. पाण्याच्या भांड्याभोवती हे रोज करावे लागते.

याचे कारण रक्ती हगवण. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्ले पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसते. यावर औषध आहे, पण ओले तूस तसेच ठेवून औषध दिले, तर आजार पुन्हा येतो.

लसीच्या तारखा

मानमोडीला पुस्तकात राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडले. पिल्ले धापा टाकतात, हिरवट हगतात, मान मुरडते. हा विषाणूचा आजार आहे. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे.

- पहिला दिवस: मरेक्सची लस. ती उबवणी केंद्रातच देतात. पिल्ले घेताना विचारून घ्या.
- पाचवा ते सातवा दिवस: लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब.
- चौदाव्या दिवसाच्या सुमारास: गंबोरो. हा रोग पिल्लाची प्रतिकारशक्तीच मोडतो.
- चौथा आठवडा: लासोटाचा दुसरा डोस.
- सहावा आठवडा: देवीची लस.
- आठवा आठवडा: राणीखेतचे इंजेक्शन, पशुवैद्यकाकडून.

तुमच्या भागातल्या रोगांप्रमाणे यात थोडा फरक होतो, म्हणून वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्के करून घ्या. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या गावठी पिल्लांनाही लस लागते. 'आमची गावठी कोंबडी काटक असते' हे खरे, पण मानमोडी तिलाही सोडत नाही.

लस बर्फाच्या थर्मासमधून आणा, सकाळी किंवा संध्याकाळी गारव्यात द्या, आणि फक्त निरोगी पिल्लांनाच द्या. कालवलेली लस तास-दोन तासांत संपवायची असते.

आजारी पिल्लू दिसले तर

ते लगेच वेगळे करा. त्याचे काम शेवटी करा, म्हणजे तुमच्या हातापायांनी रोग इतर पिल्लांपर्यंत जाणार नाही. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली असेल, तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून पुसा, ओढू नका. मेलेले पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एकदम अनेक पक्षी मेले, तर लपवू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करा. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता. अशा वेळी गेलेला प्रत्येक दिवस शेजारच्या खुराड्यांनाही महाग पडतो.

प्रतिजैविके मनाने देऊ नका. विषाणूवर ती चालत नाहीत, आणि त्यांचा अंश अंड्यामांसातून आपल्या ताटात येतो. कोलिस्टिन तर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना द्यायला २०१९ पासून देशात बंदी आहे.

घरातल्या लेकरांनाही सांगा. पिल्लाशी खेळावे, पण त्याचा पापा घेऊ नये, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. धडधाकट पिल्लाच्या अंगावरही माणसाला हगवण लावणारे जंतू असू शकतात.

त्या ताईंची उरलेली एकोणचाळीस पिल्ले मी पाहून आलो. बल्ब बदलला, तो खाली घेतला, गोल कडे केले. त्यानंतर एकही दगावले नाही. पण सातव्या दिवसाची लस राहून गेली होती, कारण शंभर पक्ष्यांची कुपी चाळीस पिल्लांसाठी फोडायची त्यांना जिवावर आली. मग गल्लीतल्या तीन घरांनी मिळून एक कुपी आणली आणि एकाच संध्याकाळी सगळ्या पिल्लांच्या डोळ्यांत थेंब पडले.

तुम्हीही हेच करा. पिल्ले आणण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लसीच्या तारखा लिहा आणि शेजारणीला त्या सांगून ठेवा. शेजारच्या खुराड्यात रोग असेल, तर तुमचे खुराडे फार दिवस सुरक्षित राहत नाही.