मांजरासाठी डबा घेताना काय पाहावे?

प्रश्न : आमची दोन वर्षांची मनी ताज्या मासळीवर वाढली. पाचूबंदरला बोटी लागल्या की मांदेली, बोंबील घरात येतातच. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तिच्यासाठी डबाबंद खाद्य आणायचे म्हणतो. दुकानात ढीगभर प्रकार दिसतात. चांगले कसे ओळखावे?
– एक वाचक, वसई

उत्तर : पुढचे चित्र आणि ‘ट्युना’, ‘सामन’ ही ठळक अक्षरे सोडा. डबा उलटा करून बारीक अक्षरांत ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असे छापले आहे का, ते आधी पाहा. असेल तर तो रोजचे जेवण म्हणून चालेल. ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर तो नुसता खाऊ. निव्वळ ट्युनाच्या तुकड्यांचे डबे बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. मांजर ते मिटक्या मारत खाते आणि तिथेच आपली फसगत होते.

यामागे मोठी किंमत मोजून मिळालेले ज्ञान आहे. मांजराच्या शरीरात टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसे तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावे लागते. ते कमी पडले की हृदय फुगून दुबळे होते, हे अमेरिकेतील पशुवैद्य पॉल पायन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. आजारी पडलेली मांजरे बाजारातले तयार खाद्यच खात होती! टॉरिन दिल्यावर त्यांतली बरीच सुधारली आणि कंपन्यांनी खाद्यातले त्याचे प्रमाण वाढवले. म्हणून घटकांच्या यादीत टॉरिन दिसलेच पाहिजे. यादीत पहिले नाव कोंबडी, मासा किंवा कलेजी असे स्पष्ट असावे, धान्याचे नसावे. कांदा-लसणाची पूड असेल तर डबा परत ठेवा, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरचे कालवण मनीला घालू नये, तेही याचसाठी.

प्रथिनांचा आकडा पाहून मात्र गोंधळू नका. डब्यावर १० टक्के आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर ३२ टक्के दिसले, तर पिशवी सरस वाटते. पण डब्यात ८० टक्के पाणी असते. उरलेल्या २० भागांत १० भाग प्रथिने, म्हणजे निम्मी. दाण्यांत पाणी १० टक्केच, तिथे हिशेब ३६ टक्क्यांच्या आतच राहतो. शिवाय मांजर मुळात पाणी कमी पिते, त्यामुळे डब्यातले पाणी त्याच्या मूत्रमार्गाला फायद्याचेच.

फुगलेला किंवा सांध्यावर चेपलेला डबा घेऊ नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजही लवकर चढतो, तोही पाहा. फोडलेला डबा झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. ताटलीत उरलेले तासा-दोन तासांत उचला.

मासेमारी पुन्हा सुरू झाली की मासळी जरूर द्या, पण काटे काढून, शिजवून आणि अधूनमधून. काही माशांत ते कच्चे असताना ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. मासळी उकडलेले पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरते. सुकट, खारे बोंबील टाळाच.

नवे खाद्य जुन्यात मिसळत आठवडाभरात बदला. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मनीला उपाशी ठेवू नका. मांजराने दिवसभर तोंड लावले नाही तर पशुवैद्याकडे न्या, कारण उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकते.