कारवानी कुत्र्याच्या पिलांची जोपासना व शिकवण

मराठवाडा, सोलापूर आणि त्यास लागून असलेल्या उत्तर कर्नाटकाच्या कोरडवाहू मुलखात शेतवस्त्यांवर एक उंच, सडपातळ व लांब पायांचा कुत्रा आढळतो. महाराष्ट्रात त्यास कारवानी म्हणतात. पूर्वीच्या मुधोळ संस्थानावरून तो मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या पैदाशीकडे विशेष लक्ष पुरविले होते. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ कुत्र्याचा समावेश होता.

हा कुत्रा मुळात शिकारीचा होय. वासापेक्षा नजरेच्या बळावर तो सावज हेरतो आणि वेगाने धावून ते पकडतो. हे काम आता कायद्याने बंद झाले आहे. परंतु धावण्याची व पकडण्याची ओढ त्याच्या रक्तात कायम आहे. या ओढीस लहानपणीच वळण न लावल्यास ती शेजाऱ्याच्या कोकरावर जाते. मग नुकसानभरपाई, भावकीतील भांडण आणि शेवटी कुत्र्यास मारून टाकणे, असा प्रसंग ओढवतो. याउलट, वेळीच शिकविलेले पिलू दहा-बारा वर्षे वस्तीची उत्तम राखण करते. म्हणून पिलू घरी आणल्यापासूनचे पहिले वर्ष अत्यंत महत्त्वाचे समजावे.

शिकारीविषयी कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. काळवीट व चिंकारा यांस या कायद्याने सर्वांत कडक संरक्षण दिलेले असून ससाही संरक्षित आहे. प्राणी ठार मारणे एवढाच शिकारीचा अर्थ नाही. त्यास पकडणे, कुत्रे सोडून त्याचा पाठलाग करणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही शिकारीत समावेश होतो. ‘कुत्रा आपण होऊन धावला’ ही सबब पुढे करण्याची वेळच येऊ देऊ नये. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. अशा क्षेत्रालगतच्या गावांनी कुत्रे मोकाट सोडू नयेत. वन्य प्राण्यांनी पिकाचे नुकसान केल्यास कुत्रे न सोडता वनखात्याकडे भरपाईसाठी अर्ज करावा.

पिलाची निवड

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. पिलांचे डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात. पिलू आठ आठवड्यांचे झाल्याखेरीज आईपासून तोडू नये. आईजवळ व भावंडांत खेळत असताना किती जोराने चावल्यास दुसऱ्यास दुखते, हे ते शिकते. फार लवकर तोडलेले पिलू पुढे चावरे होण्याचा संभव असतो.

पिलू घेण्यापूर्वी त्याची आई पाहावी. आई मेंढरांत शांतपणे वावरत असेल, तर ती चांगली खूण समजावी. पिलाचे डोळे स्वच्छ, अंगावरील केस तुळतुळीत व चाल सरळ असावी. या जातीची पिले अंगाने बारीकच असतात, त्यामुळे बरगड्या किंचित दिसल्या तरी काळजीचे कारण नाही; मात्र अंग रोड आणि पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असल्यास जंतांचा प्रादुर्भाव समजावा. माणूस जवळ येताच कोपऱ्यात दडणारे पिलू राखणीसाठी निवडू नये.

आहार

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व त्यानंतर दोन वेळा अन्न द्यावे. ज्वारी-बाजरीची भाकरी ताकात वा दुधात कुस्करून दिली तरी चालते. परंतु केवळ भाकरीवर वाढविलेले पिलू कमजोर राहते. उकडलेले अंडे, शिजविलेले मांस वा मासळी यांपैकी काहीतरी रोजच्या अन्नात असावे. दुधाने हगवण लागल्यास दूध कमी करावे. कांदा घातलेले कालवण देऊ नये, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. कोंबडीची शिजविलेली हाडे फुटून टोकदार होतात व आतडे फाडतात, म्हणून तीही टाळावीत.

मेंढी किंवा बोकड कापल्यावर त्याचे कच्चे काळीज, फुप्फुस वा डोके कुत्र्यापुढे टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक होय. अशा मांसातून कुत्र्याच्या आतड्यात चपटे कृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे कुरणात पडून पुन्हा मेंढरांच्या पोटात जातात. त्यांपैकी एका जातीच्या कृमीमुळे मेंढीच्या मेंदूत पाण्याच्या गाठी होतात व ती गोल गोल फिरू लागते. तर दुसऱ्या जातीमुळे माणसाच्याही यकृतात व फुप्फुसात मोठ्या गाठी होतात. कापलेल्या जनावराचे टाकाऊ भाग खोल पुरावेत.

रोगप्रतिबंध

जंताचे पहिले औषध दोन ते तीन आठवड्यांच्या वयात द्यावे. पुढे तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास व सहा महिन्यांपर्यंत दरमहा ते पुन्हा द्यावे. मात्रा वजनाप्रमाणे असल्याने ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावी. डिस्टेंपर व पार्वो या रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करावी आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने पुढील मात्रा पुऱ्या कराव्यात. डिस्टेंपर हा रोग कुत्र्यांपासून माळावरील लांडगा व खोकड यांसही होतो.

रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लस तीन महिन्यांच्या वयात टोचून घ्यावी व पुढे दरवर्षी चुकवू नये. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचण्याची आशा जवळजवळ नसते. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. जखमेवर हळद, चुना वा तिखट लावू नये. मग विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

शिकवणीचे मूळ तत्त्व

सावज दिसताच कुत्रा प्रथम थबकतो, टक लावून पाहतो, नंतर धावतो आणि शेवटी पकडतो. धावण्यातच त्यास इतका आनंद मिळतो की एक यशस्वी पाठलाग झाला की दुसरा होणारच. म्हणून शिकवण पाठलाग झाल्यावर देऊन भागत नाही. कुत्रा टक लावून पाहतो त्याच क्षणी ती द्यावी लागते. पहिला पाठलाग घडूच न देणे, हे सर्व शिकवणीचे सार होय.

आठ आठवड्यांपासून पिलास त्याच्या नावाने हाक मारावी व ते जवळ येताच भाकरीचा तुकडा द्यावा. हाकेचा एकच शब्द घरातील सर्वांनी वापरावा. पिलू उशिरा आले तरी त्यास कधीही मारू नये. हाकेला येऊन मार मिळाला, तर ‘येणे म्हणजे मार’ एवढेच ते शिकते. त्याचप्रमाणे, सकाळी केलेल्या खोडीबद्दल संध्याकाळी दिलेली शिक्षा कुत्र्यास समजत नाही. कारवानी कुत्रा स्वभावाने हळवा असून मारझोडीने तो एकतर बुजरा होतो किंवा उलटून चावतो.

तीन महिन्यांच्या सुमारास मेंढरांची ओळख करून द्यावी. पिलाच्या पट्ट्यास २० ते २५ फूट लांबीचा हलका कासरा बांधून त्यास प्रौढ, शांत मेंढ्यांपासून दूर बसवावे. कोकरे व करडे प्रथम जवळ आणू नयेत. पिलू मान खाली घालून टक लावू लागताच हाक मारावी आणि ते वळून पाहताच खाऊ द्यावा. रोज दहा-पंधरा मिनिटे एवढा अभ्यास पुरे. पिलू मेंढरांकडे दुर्लक्ष करू लागले म्हणजे अंतर हळूहळू कमी करावे. कोंबड्या, वासरे व शेवटी कोकरे यांच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचा काळ विशेष जोखमीचा असतो. शिकलेले विसरल्यासारखे कुत्रा वागतो. या काळात कासरा सोडण्याची घाई करू नये. दोन तरुण कुत्री एकत्र मोकळी सोडू नयेत, कारण एकट्याने न धजणारे कुत्रे जोडीने मेंढरांवर धावते. हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे सुमारे वर्षभर, वाहनामागे लांब पळविणे टाळावे. उन्हाळ्यात भर दुपारी पळवू नये, उष्माघात होतो.

राखणीचे काम

कळपात दिवसरात्र राहून लांडग्याशी झुंजणाऱ्या पहाडी कुत्र्यांप्रमाणे कारवानी कुत्रा नव्हे. चाहूल लागताच भुंकून मालकास सावध करणे हे त्याचे खरे काम, व तेवढीच अपेक्षा ठेवावी. रात्री त्यास कुंपणाच्या आत मोकळे ठेवावे. गावभर फिरू देऊ नये. कायम साखळीला बांधलेला कुत्रा तापट होतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ कासऱ्याने फिरवून आणावे. अंगावरील केस आखूड असल्याने थंडीत खाली गोणपाट अंथरावे. कान व शेपूट कापणे क्रूरपणाचे आहे. त्यामुळे कुत्रा अधिक शूर होत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील कुत्र्यांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून एक दिवस लसीकरणासाठी ठरवावा. कासऱ्याने पिलू शिकविण्याचे प्रात्यक्षिक त्याच दिवशी दाखविल्यास शेतकरी व मेंढपाळ बंधूंस ते सहज पटेल. पाठलागाची सवय लागण्यापूर्वी दिलेली रोजची पंधरा मिनिटे शेजाऱ्याचे कोकरू, माळावरील हरिण व आपला कुत्रा या तिघांचेही प्राण वाचवितात.