भाड्याने दिलेले बँक खाते आणि अमानतीचा प्रश्न

इस्लामच्या शिकवणीनुसार संपत्ती ही अल्लाहची अमानत आहे. माणूस तिचा मालक नसून विश्वस्त आहे. ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याला कयामतच्या दिवशी द्यावयाची आहेत. पूर्वी या हिशेबाचा संबंध घरातील पेटी, दुकानाची वही आणि शेतातील धान्याची रास यांच्याशी येत असे. आज तो मोबाइलमधील बँक खात्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. साधन बदलले, जबाबदारी मात्र तीच राहिली.

सायबर गुन्हा म्हटला की दूर कोठेतरी संगणकापुढे बसलेला तरबेज चोर आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु अशा चोराला लुटीचा पैसा हाती घेण्यासाठी कोणा सामान्य माणसाचे खाते लागते. हे खाते आपल्याच वस्तीतील एखादा विद्यार्थी, बेरोजगार तरुण किंवा गृहिणी थोड्या मोबदल्यासाठी देऊन टाकते. प्रस्तुत लेखात सायबर गुन्ह्याच्या याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

खेचराच्या पाठीवरील ओझे

अशा खात्याला बँकांच्या भाषेत ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. खेचर ओझे वाहते. ते कोणाचे आहे आणि कोठे चालले आहे, हे ते विचारीत नाही.

या व्यवहाराची रीत साधी आहे. ओळखीचाच कोणी येतो आणि सांगतो की, एका कंपनीला व्यवहारासाठी खाते हवे आहे, जमा होणाऱ्या रकमेवर कमिशन मिळेल. मग पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि खात्याशी जोडलेले सिमकार्ड मागितले जाते. काही दिवसांनी त्या खात्यात कोणा निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी किंवा मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम येऊन पडते आणि काही मिनिटांतच तिचे तुकडे होऊन अनेक खात्यांत पांगतात. शेवटी कोठे एटीएममधून रोख काढली जाते, तर कोठे तिचे आभासी चलनात रूपांतर होते. टोळीचा सूत्रधार पुष्कळदा परराज्यात किंवा परदेशात असतो. पोलीस मात्र प्रथम त्याच दारी येतात, ज्याचे नाव खात्यावर असते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीसाठी, तर कलम ३१७ मध्ये चोरीची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वीकारण्यासाठी शिक्षा आहे. खाते गोठविले जाते ते वेगळेच. मग त्यात येणारी शिष्यवृत्ती, मजुरी किंवा आईची पेन्शनही अडकून पडते.

‘मी तर काहीच केले नाही’

पकडले गेल्यावर अशा तरुणाचे पहिले वाक्य हेच असते. त्याने कोणाला फोन केलेला नसतो, कोणाला धमकाविलेले नसते. त्याने फक्त खाते दिलेले असते. इस्लाममध्ये हा बचाव टिकतो काय?

पवित्र कुरआनने सत्कर्म व ईशपरायणतेच्या कामी परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा दिली आहे आणि पाप व अत्याचाराच्या कामी साहाय्य करण्यास मनाई केली आहे (सूरह अल-माइदा, आयत २). म्हणजे अत्याचार स्वतः न करणे पुरेसे नाही. त्याला हात न लावणेही आवश्यक आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्याज घेणारा, देणारा, त्याचा दस्त लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार या सर्वांचा धिक्कार केला आणि ते सारखेच दोषी असल्याचे सांगितले. लिहिणाऱ्याच्या पदरी व्याजाचा एक पैसाही पडत नाही, तरीही तो सुटला नाही. मद्याविषयीच्या हदीसमध्ये ते वाहून नेणाऱ्याचाही समावेश आहे. खाते भाड्याने देणारा हा याच अर्थाने लुटीचा वाहक आहे.

‘मला हे ठाऊक नव्हते’ असेही सांगितले जाते. जो खरोखर फसविला गेला, त्याची गोष्ट निराळी. परंतु ज्या कंपनीला स्वतःचे खाते उघडता येत नाही, जी परक्या माणसाचे सिमकार्ड मागते आणि काहीही काम न करता पैसे देते, तिच्याविषयी मनात शंका येत नाही, असे क्वचितच घडते. शंका येते आणि पैशाच्या मोहाने ती दाबली जाते. सूरह अल-हुजुरात (आयत ६) मध्ये श्रद्धावंतांना बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, तो यासाठी की अजाणतेपणी एखाद्या समूहाचे नुकसान होऊन पश्चात्तापाची वेळ येऊ नये. बातमीबाबत एवढी दक्षता आवश्यक असेल, तर परक्याच्या पैशाबाबत ती किती असली पाहिजे!

रक्कम लहान आहे, असेही कोणी म्हणेल. खैबरच्या मोहिमेनंतर मरण पावलेल्या एका सेवकाला लोक हुतात्मा समजत होते. प्रेषितांनी (स.) सांगितले की, वाटणीपूर्वी त्याने उचललेली चादर त्याच्यावर अग्नी होऊन जळत आहे. हे ऐकून एक मनुष्य घाबरून चपलेचा पट्टा परत घेऊन आला. तोही अग्नीचाच असल्याचे त्याला सांगण्यात आले (बुखारी). कमिशनच्या हजार-दोन हजार रुपयांचे वजन या तराजूत करावे.

पीडित कोणत्याही धर्माचा असो

लुटला गेलेला मनुष्य आपल्या धर्माचा आहे की नाही, याने अमानतीच्या नियमात तिळमात्र फरक पडत नाही. हिजरतच्या रात्री मक्केतील विरोधक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, तरीही त्याच मक्कावासीयांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. प्राणाचे वैरी असलेल्यांचा पैसाही ज्या धर्मात पवित्र आहे, त्या धर्माच्या अनुयायाने शेजाऱ्याच्या लुटीला वाट करून द्यावी, हे कसे शोभेल?

माहितीलाही हाच नियम लागू आहे. सांगणारा इकडेतिकडे पाहून बोलला, तर त्याचे बोलणे अमानत होते, असे हदीसमध्ये आले आहे. मग सेवा केंद्रात, मोबाइलच्या दुकानात किंवा बँकेत विश्वासाने दिलेली आधारची प्रत, अंगठ्याचा ठसा आणि फोन क्रमांक ही अमानत नव्हे काय? या ठिकाणी काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे विसरू नये. एका ग्राहकाच्या कागदावर दुसऱ्याला सिमकार्ड देणे ही उघड खियानत आहे.

उंट बांधून भरवसा

स्वतःचे रक्षण करणे हाही धर्माचाच भाग आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्यास प्रेषितांनी (स.) आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले (तिर्मिजी). म्हणून पुढील गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगाव्यात.

ओटीपी, पिन आणि पासवर्ड कोणालाही सांगू नयेत. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही; कोणी तसे सांगितले तर तो पैसे काढून घेत आहे, असे समजावे. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील मनुष्य धमकावू लागला तर फोन बंद करून घरच्यांना सांगावे. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

खाते दिले असेल तर

तौबेचे दार उघडे आहे. परंतु दुसऱ्याचा हक्क बुडविला असेल, तर केवळ मुखाने क्षमायाचना पुरत नाही; तो हक्क परत करावा लागतो. ज्याने खाते दिले असेल त्याने आजच बँकेत लेखी कळवून ते बंद करवावे, आपले सिमकार्ड बंद करवावे आणि जाणकार वकिलाला सोबत घेऊन पोलिसांना खरी हकिगत सांगावी. मिळालेले कमिशन त्याचे नाही; मूळ मालकाचा शोध लागत असेल तर ते त्यालाच पोहोचले पाहिजे. ते मशिदीच्या पेटीत टाकून हिशेब मिटत नाही. पालकांनीही मुलाच्या हाती अचानक आलेल्या पैशाचा उगम विचारावा. ही विचारपूस अविश्वासापोटी नसून त्याच्या हितासाठीच आहे.

प्रेषितांनी (स.) एकदा आपल्या सोबत्यांना खरा दिवाळखोर कोण, हे सांगितले. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. परंतु त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा पैसा खाल्ला असेल. त्याची पुण्ये एकेका पीडिताला वाटली जातील. ती संपली की पीडितांची पापे त्याच्या माथी येतील आणि तो अग्नीत टाकला जाईल (मुस्लिम). या जगात खात्यातून पैसा काही मिनिटांत पांगतो आणि त्याचा माग लागत नाही. त्या दिवशी मात्र प्रत्येक रुपयाचा मालक समोर उभा असेल.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईवर समाधान मानण्याची आणि प्रत्येक अमानत तिच्या हक्कदारापर्यंत पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.