हापशाचं तांबडं पाणी

उत्तर युगांडात, गुलूच्या आसपासच्या खेड्यांत, 2013 साली आम्ही सहा हापसे बसवले. वर्षभरात त्यातल्या चारांकडे बायकांनी पाठ फिरवली. पाण्याचं काम करायला परमुलखात निघालेल्यांसाठी ही हकीकत लिहितो आहे.

तिथली माणसं बंडाळीच्या काळात वर्षानुवर्षं छावण्यांत राहिलेली. 2006 नंतर ती हळूहळू आपापल्या गावी परतली, पण पाणी लांबच्या ओढ्यावर. वीस लिटरचा पिवळा कॅन डोक्यावर घेऊन चालणाऱ्या पोरी पाहिल्या की एक दिवसही थांबू नये असं वाटायचं. त्यात मी सोलापूरचा. जगभर गेलेला इंडिया मार्क टू हापसा 1970च्या दशकात युनिसेफच्या साथीने घडला, तो आमच्याकडच्या सोलापूर पंपावरून. गावाकडचं पोरगंच तिथे भेटल्यासारखं झालं. गावी चाललेला हापसा इथेही चालणार, हे मी धरूनच चाललो.

आठ-नऊ महिन्यांनी पाणी समितीतल्या एक मावशी म्हणाल्या, "चहा काळा पडतो. घेवडा शिजवला तर तोही काळा. कपड्यांवर डाग पडतात." पाणी स्वच्छ आहे, रोगजंतू नाहीत, असं मी त्यांना समजावत बसलो. चव आणि रंग म्हणजे सवयीच्या गोष्टी, असं माझं मत होतं. त्या मात्र अगदी नेमकं सांगत होत्या: पाण्यात लोह उतरलं होतं, आणि चहातल्या तुरट द्रव्याशी लोह मिसळलं की चहा काळा होतो.

ते लोह कुठून आलं? आमच्याकडचा काळा कातळ पाण्याला जड आणि अल्कधर्मी करतो, त्यात हापशाचा जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, बरीच वर्षं टिकतो. गुलूकडचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, पाणी मऊ आणि आम्लधर्मी. ते आधी जस्ताचा थर खातं, मग लोखंड. हे ओळखायची एक सोपी रीत मला तिथल्या हापसा-मिस्त्रीने दाखवली. रात्रभर बंद राहिलेला हापसा पहाटे चालवा, पहिला कॅन भरून ठेवा. मग तासभर सतत उपसा करून पुन्हा भरा. पहिलं पाणी तांबडं आणि नंतरचं नितळ आलं, तर दोष पाइपाचा. शेवटपर्यंत तांबडंच राहिलं, तर लोह जमिनीतलं. आमचं तासाभरात नितळ झालं. पाइप वर काढले तर आटे झिजून गेलेले, एक तर हातातच तुटला.

म्हणून बोअर घेतल्यावर, पाइप उतरवायच्या आधी पाण्याचा सामू मोजा. तो 6.5च्या खाली असेल तर जीआय पाइप नकोच. स्टेनलेस स्टील किंवा चांगल्या प्रतीचं पीव्हीसी घ्या. महाग पडतं, सहाऐवजी चार हापसे होतील, तर चारच करा. युगांडा सरकारनेही 2016 मध्ये नव्या हापशांसाठी जीआय पाइप थांबवायला सांगितलं. देणगीदारांना हे आधीच सांगा, कारण पाटी लावून फोटो काढल्यावर पाइपासाठी पैसे मागणं फार अवघड जातं, हे मी भोगलं आहे. वर्षाने परत जाण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि गेल्यावर गावच्या अध्यक्षाच्या आधी पाणी भरणाऱ्या बायकांना भेटा. त्यांना "पाणी चांगलं आहे का?" असं विचारू नका, पाहुण्याला माणसं चांगलंच सांगतात. त्यांच्या चुलीपाशी बसा, त्या पाण्याचा चहा प्या, मुलांचे शाळेचे सदरे बघा.

चारांपैकी दोन हापशांचे पाइप आम्हाला बदलता आले. उरलेल्या दोन गावांत पैसे संपल्याचं सांगायला मीच गेलो. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या परतीच्या प्रवासाची चौकशी केली, आणि कॅन उचलून ओढ्याच्या वाटेला लागल्या.