रक्त दिले, आता हिशोबही समजून घ्या

आपल्या वस्तीत संशोधनाचे पथक येणे आता नवलाचे राहिलेले नाही. कधी सिकलसेलसाठी रक्त, कधी शुगर आणि बीपी, कधी टीबीसाठी बेडका. ताई येतात, फॉर्म वाचून दाखवतात, सही घेतात, नळी भरतात आणि जातात. मग ओट्यावर चर्चा सुरू होते, आपल्या रक्तावर डॉक्टर पैसे कमावतात म्हणे! आम्ही आधी वॉर्डात आणि मग अशा अभ्यासांच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत. संशोधनासाठी पैसा येतो हे खरे आहे. तो कोणाच्या नावाने येतो, कशावर खर्च करता येतो आणि त्यात तुमच्यासाठी काय ठेवलेले असते, हे मात्र फार थोड्या घरांना माहीत असते.

समजा, एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सिकलसेलच्या अभ्यासासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, म्हणजे आयसीएमआरकडे अर्ज केला आणि अनुदान मंजूर झाले. हा पैसा डॉक्टरांच्या बँक खात्यात येत नाही. तो कॉलेजच्या खात्यात जमा होतो. डॉक्टर हे मुख्य संशोधक. काय घ्यायचे, कोणाला कामावर ठेवायचे हे ते सुचवतात, पण बिल अकाउंट सेक्शनमधून पास होते. त्यांचा स्वतःचा पगार कॉलेज देतेच.

ज्यांनी बचत गट चालवला आहे त्यांना पुढचे लगेच समजेल. शेळीपालनासाठी घेतलेल्या कर्जातून लग्नाचा मंडप घातला तर बँक विचारते की नाही? तसेच इथे. मंजुरीपत्रात रकमेचे भाग पाडलेले असतात, ऑफिसच्या भाषेत 'हेड'. पगाराचे हेड वेगळे, मशीनचे वेगळे, नळ्या-सुया-किट-कागद यांचे वेगळे, प्रवासाचे वेगळे. एका हेडचा पैसा दुसरीकडे मनाला येईल तसा वळवता येत नाही, परवानगी घ्यावी लागते. अनुदानातून घेतलेला फ्रिज रजिस्टरमध्ये नोंदवावा लागतो आणि परस्पर विकता येत नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे अनुदानावर बँकेत जमलेले व्याजसुद्धा सरकारी तिजोरीत परत जाते.

पैसा एकदम येत नाही, हप्त्याने येतो. पहिला हप्ता संपत आला की कामाचा अहवाल, खर्चाचा तक्ता आणि 'उपयोगिता प्रमाणपत्र' पाठवायचे. दिलेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला, असे संस्थेने सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायचे, हे ते प्रमाणपत्र. ते पोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. डॉक्टर मंडळींना हा कागद कंटाळवाणा वाटतो. पेशंट सोडून आता हेही करायचे का, म्हणतात. पण त्या कागदावर कोणाचे काय अवलंबून असते ते आम्ही जवळून पाहिले आहे. एका प्रकल्पात प्रमाणपत्र चार महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. मोठ्या साहेबांचे काहीच अडले नाही. अडला तो वस्तीतूनच घेतलेल्या फील्ड वर्कर मुलींचा पगार. दोघी काम सोडून गेल्या, कारण घरभाडे थांबत नाही. ज्या घरांनी त्या मुलींच्या ओळखीवर रक्त दिले होते, त्यांचे रिपोर्ट कपाटात पडून राहिले. ते घरोघरी न्यायला माणूसच उरला नव्हता.

म्हणून आमच्या मुलींना आम्ही सांगतो, प्रकल्पावर रुजू होताना नेमणुकीचे पत्र हातात घ्या. त्यात पगार किती आणि मुदत कधीपर्यंत हे वाचा. मार्च एंड जवळ आला की पुढचा हप्ता आला का, हे ऑफिसात विचारा. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

आता तुमचा भाग. आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसावर अभ्यासाचा खर्च पडता कामा नये. संशोधनासाठी केलेल्या तपासणीचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. दवाखान्यात बोलावले तर येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज भरून देता येतो. तो किती, हे संस्थेची नैतिकता समिती आधीच तपासून ठरवते. रक्कम फार मोठी नसते आणि नसावीही, नाहीतर गरिबीपोटी माणूस नको त्या प्रयोगाला हो म्हणेल. पण घरकाम करणाऱ्या बाईचा किंवा नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराचा खाडा पडतो तेव्हा दोनशे रुपयेसुद्धा मोठे असतात. अडचण अशी की हे पैसे कोणी मागितलेच नाहीत तर त्या हेडमध्ये शिल्लक राहतात. प्रकल्प संपला की शिल्लक परत जाते. तुमचे भाडे तुमच्या खिशातून गेले आणि त्यासाठी ठेवलेला पैसा दिल्लीला परत गेला, असा उलटा हिशोब होतो.

यासाठी सही करण्यापूर्वी माहितीपत्र नीट वाचून घ्या आणि त्याची प्रत मागून ठेवा. मुख्य संशोधकाचे आणि नैतिकता समितीच्या सचिवांचे नाव आणि फोन त्यावर हवेत. भाड्याबद्दल, रिपोर्टबद्दल काय लिहिले आहे ते बघा. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत हवेत. औषधाची किंवा लसीची चाचणी असेल तर 2019 च्या नियमांप्रमाणे नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. आणि मध्येच नको वाटले तर केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

रिपोर्टबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आहे. पहिली चाचणी झटपट होते, पण ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून पक्के करावे लागते. वाहक आहे की आजार आहे, हे तेव्हा कळते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. ही गोष्ट दारात उभे राहून, शेजारीण ऐकत असताना सांगायची नसते. एकदा गल्लीत बोभाटा झाला की वाहक मुलीचे लग्न जमवताना आईबापांच्या नाकी नऊ येतात, आणि त्याच गल्लीतल्या वाहक मुलाला कोणी काही विचारत नाही! निवांत बसून समजावणारा समुपदेशक लागतो, दुसरी फेरी लागते, आणि त्यासाठी बजेटमध्ये पैसा लागतो. पथक वस्तीत आले की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, रिपोर्ट द्यायला कोण येणार आणि त्याचा पगार कोणत्या महिन्यापर्यंत आहे?

पैसा वर्षानुवर्षे टिकला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत आहे. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. अनुदान अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे होते. तिथलाही पैसा वर्षाच्या प्रगती अहवालावरच पुढे चालतो. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, व्हिनेगरमध्ये असते ते ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी करायला शिकवले. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी होते. तिसऱ्या वर्षी हप्ता तुटला असता तर हा आकडा कोणालाच मिळाला नसता. दुसऱ्या अर्ध्या स्त्रियांना मात्र तपासणीऐवजी फक्त आरोग्याची माहिती दिली गेली. त्यावर पुढे कडक टीका झाली, आणि आम्हाला ती रास्त वाटते. त्याही आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या बाया होत्या. कोणाला काय मिळणार, हे पैसा यायच्या आधी आराखड्यातच ठरते. आराखडा तपासणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टर नसलेला एक सामान्य माणूस असावा लागतो, तो याचसाठी. आपल्यातले शिकलेले कोणी तिथे बसायला तयार असेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजला कळवा.

भाडे मिळाले नाही किंवा रिपोर्ट आला नाही, तर आधी माहितीपत्रावरच्या नंबरवर फोन करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. नाही झाले तर नैतिकता समितीच्या सचिवांना साधे पत्र द्या आणि पोच घ्या. संस्था सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची प्रत जोडली तर तीही नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. महाराष्ट्राच्या कार्यालयाला अर्ज करताना एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा. अभ्यासाचे नाव लिहून मागा: मंजुरीपत्राची प्रत, उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत, आणि सहभागी व्यक्तींच्या प्रवासासाठी किती मंजूर होते, किती वाटले. अर्जात कोणाच्या आजाराचा उल्लेख करू नका. दुसऱ्याचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही, आणि तुमचाही दुसऱ्याला मिळता कामा नये.